मुंबई टाइम, स्टँडर्ड टाइम व उन्हाळी टाइम

मार्च महिन्याचा दुसरा रविवार उलटला कीं ऐरोली, घणसोली, महापे व वाशी ह्या बाजूच्या अनेक घरांतील रात्रीच्या जेवणाची वेळ एका तासानें सरकते. ह्या घरांतील मुलगे, मुली व सुना ठाणें-बेलापूर रस्त्यालगतच्या संगणक-कचेऱ्यांत अमेरिकेच्या वेळेनें काम करतात. न्यूयॉर्क येथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां हिवाळ्यांत आपल्याकडे सायंकाळचे साडेसात झालेले असतात. परंतु त्या रविवारानंतर तेथील नऊ म्हणजे आपले साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं पुन्हां पूर्वस्थिति. पारसिकच्या डोंगरामागून उगवणारा व ठाण्याच्या खाडीपलीकडे मावळणारा सूर्य ह्या उलाढालीपासून अगदीं अलिप्त असतो. पण सूनबाईंची गाडी दाराशीं तासभर आधीं येऊन उभी राहते, आणि एकत्र कुटुंबांत एकाची वेळ सरकली म्हणजे सर्वांचीच सरकते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सासूबाईंची सांजवात, मुलांचा अभ्यास, आजोबांचें लवकर जेवण व कामावर निघालेल्या सुनेचा डबा ह्यांची सांगड नव्यानें घालावी लागते. "अमेरिकेंत घड्याळें पुढें केलीं म्हणून आमच्या चुलीनें कां धांवावें?" असें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया विचारतात, आणि प्रश्न अगदीं रास्त आहे. ह्या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करूं.

घड्याळ पुढें ढकलण्याची ही युक्ति फार जुनी नाहीं. न्यूझीलंडांत टपालखात्यांत नोकरी करणाऱ्या जॉर्ज हडसन ह्यांस कीटक जमविण्याचा नाद होता. कचेरी सुटल्यावर त्यांस उजेड पुरेना, म्हणून उन्हाळ्यांत घड्याळें दोन तास पुढें करावीं अशी सूचना त्यांनीं १८९५ मध्यें तेथील विद्वानांपुढें मांडली. लंडनमधील विल्यम विलेट हे घरें बांधण्याचा धंदा करीत. त्यांनीं १९०७ मध्यें ह्याच विषयावर पुस्तिका छापून पार्लमेंटच्या मागें तगादा लावला. सकाळीं घोड्यावरून फेरफटका करतांना उन्हें वर आलीं तरी लोकांच्या खिडक्या बंदच, ह्याचें त्यांस वाईट वाटे. आमच्याकडील एखाद्या आजोबांनीं नातवंडांस दोन हांका मारून उठविलें असतें व प्रकरण तेथेंच मिटलें असतें. विलेटसाहेबांनीं सबंध राष्ट्राचें घड्याळ फिरविण्याचा आग्रह धरला. त्यांच्या हयातींत तो सफळ झाला नाहीं. १९१५ मध्यें ते वारले, आणि पुढच्याच वर्षीं महायुद्धांत कोळसा वांचविण्यासाठीं प्रथम जर्मनीनें एप्रिलअखेर व तीन आठवड्यांनीं ब्रिटननें घड्याळें एक तास पुढें केलीं.

ही युक्ति लंडनास शोभते, नव्या मुंबईस शोभत नाहीं, आणि त्याचें कारण अक्षांशांत आहे. लंडन येथें उन्हाळ्यांतील मोठ्यांत मोठा दिवस साडेसोळा तासांहूनही अधिक व हिवाळ्यांतील लहानांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. आपण एकोणीस अंशांवर राहतों. आपला मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व लहान दिवस अकरा तासांचा. मे-जूनमध्यें सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारींत सव्वासातच्या सुमारास; ह्यापलीकडे फरक नाहीं. लोक झोंपेंत असतांना वायां जाणारा प्रकाश येथें मुळीं फारसा नाहींच, मग वांचवावयाचें काय? मॉरिशस बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ आपल्याइतक्याच अंतरावर आहे, आणि तेथें एकोणिसाव्या शतकांत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही नांदत आहेत. त्या देशानें २००८ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या मार्चपर्यंत हा प्रयोग करून पाहिला, आणि दुसऱ्या वर्षीं तो सोडून दिला. आम्हांस तें शहाणपणाचें वाटतें.

ज्या देशांनीं ही पद्धति धरली आहे त्यांच्यांतही एकवाक्यता नाहीं. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळ पुढें करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारीं. म्हणून ज्या घरचा एक मुलगा लंडनांत व दुसरा न्यूजर्सींत आहे त्या घरच्या आईस मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोघांचे हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थान घड्याळास हात लावीत नाहीं, पण त्याच संस्थानांतील नव्हाहो लोकांच्या मुलखांत तें फिरवितात. ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यांत, त्यामुळें सिडनीचें घड्याळ ऑक्टोबरांत पुढें जातें, आणि शेजारच्या क्वीन्सलँड प्रांतांतील ब्रिस्बेनचें जातच नाहीं. ही कटकट नको असें युरोपच्या पार्लमेंटनें २०१९ मध्यें व अमेरिकेच्या सीनेटनें २०२२ मध्यें ठरविलें. पण दोन्ही ठिकाणीं तो ठराव पुढें सरकला नाहीं. मेक्सिकोनें मात्र २०२२ मध्यें देशाच्या बहुतेक भागांतून ही चाल उठविली. २०२३ च्या मार्चमध्यें तर लेबॅनन देशांत मौज झाली. तेथील सरकारनें रमजान संपेपर्यंत घड्याळ पुढें न करण्याचें ऐन वेळीं जाहीर केलें. ख्रिस्ती धर्मपीठानें व अनेक संस्थांनीं तें मानलें नाहीं. आणि तीन-चार दिवस एकाच शहरांत दोन वेळा चालू राहिल्या.

आमच्या तरुण वाचकांस ह्याचें हंसूं येईल. पण लेबॅननची ही तीन-चार दिवसांची गोष्ट मुंबईनें सुमारें अर्धें शतक चालविली होती, व आपल्याच पणजोबांनीं ती मोठ्या निकरानें चालविली होती, हें त्यांस बहुधा ठाऊक नसेल.

मूळ गोष्ट अशी कीं, प्रत्येक गांवचा माध्यान्ह निराळा. पृथ्वीवर पूर्वपश्चिम एक अंश सरकलें कीं सूर्याच्या वेळेंत चार मिनिटांचा फरक पडतो. ह्या हिशेबानें मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या पुढें चार तास एक्कावन्न मिनिटें येते, मद्रासची पांच तास एकवीस मिनिटें व कलकत्त्याची पांच तास त्रेपन्न मिनिटें. जोंवर लोक घटिकापात्रावर मुहूर्त साधीत व बैलगाडीनें गांवास जात, तोंवर ह्या फरकाची कोणास अडचण नव्हती. आगगाडी आली आणि अडचण उत्पन्न झाली. मद्रासेस वेधशाळा होती व तेथील वेळ मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधोमध पडे. म्हणून रेल्वेनें सगळीकडे मद्रास टाइम धरला. मुंबईचा मनुष्य घरच्या घड्याळावर निघाला तर बोरीबंदरावर गाडी अर्धा तास आधींच सुटून गेलेली असे.

१८८१ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनीं सरकारी कचेऱ्यांत व शहरांत मद्रास टाइम चालू करण्याचा हुकूम काढला. कोणास विचारलें नाहीं, पुसलें नाहीं. शहरांत एकच गिल्ला झाला. व्यापारी, वकील, वर्तमानपत्रकर्ते सारे विरुद्ध गेले. राजाबाई टॉवरवरील विद्यापीठाचें घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवूं लागलें, तेव्हां सरकारनें त्या घड्याळाच्या रात्रींच्या दिव्यांचा खर्च देण्याचें नाकारलें! सरकार रुसलें म्हणजे काय करतें ह्याचा हा नमुना लक्षांत ठेवण्याजोगा आहे. शेवटीं १८८३ मध्यें सरकारासच माघार घ्यावी लागली.

पुढें लॉर्ड कर्झन ह्यांच्या कारकीर्दींत सबंध हिंदुस्थानासाठीं एकच वेळ ठरली. मिर्झापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेखा घेऊन ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास असा स्टँडर्ड टाइम १ जानेवारी १९०६ पासून रेल्वे, तारखातें व सरकारी कचेऱ्या ह्यांत सुरू झाला. मुंबईस ह्याचा अर्थ घड्याळ एकदम एकोणचाळीस मिनिटें पुढें. काळ कोणता तेंही पाहिलें पाहिजे. १९०५ च्या ऑक्टोबरांत बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ ऐन भरांत. अशा वेळीं त्याच कर्झनशाहीनें घड्याळासही हात घातला असें लोकांस वाटलें तर त्यांत नवल नाहीं. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी मुंबई टाइमच्या बाजूस होते, आणि महापालिकेनें १९०६ मध्येंच आपलीं घड्याळें मुंबई टाइमवर ठेवण्याचा निर्णय केला.

सुशिक्षितांचा हा वाद बराचसा मानापमानाचा होता. पण गिरणी कामगारांचा प्रश्न पोटाचा व झोंपेचा होता, आणि आमच्या मतें सगळ्या प्रकरणांतील खरें दुखणें तेंच. त्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. पूर्वीं उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. दिवस मावळला कीं निदान सूर्यच सुट्टी देई. विजेच्या दिव्यांमुळें तीही गेली व कामाचे तास तेरा-चौदांवर जाऊं लागले. त्यांत घड्याळ एकोणचाळीस मिनिटें पुढें झालें म्हणजे भोंग्याच्या वेळीं हजर राहण्यास बायाबापड्यांनीं तितक्या आधीं, काळोखांत, उठावयाचें. पोरांची न्याहारी, पाणी भरणें, चालत गिरणी गांठणें हें सर्व तितकें अलीकडे आणावयाचें. १९०६ च्या जानेवारींत हजारों कामगारांनीं काम नाकारलें, दगडफेकही झाली. पुरुषांचे गिरणीतील तास बारांवर आणणारा कायदा येण्यास १९११ साल उजाडावें लागलें. आज ठाणें-बेलापूर रस्त्यावर वातानुकूलित कचेऱ्यांत बसणारी आमची मुलें त्या कामगारांच्या मानानें कितीतरी सुखी आहेत हें खरें. तथापि आपल्या उठण्या-निजण्याची वेळ दुसऱ्या कोणीं, दूर बसून, न विचारतां ठरविली ही तक्रार दोघांची सारखीच आहे.

एक देश, एक वेळ ही सोय मोठी आहे, व ती आज कोणीं मोडूं म्हणेल तर आम्ही प्रथम विरोध करूं. पण सोयीची गोष्टही लोकांच्या गळीं उतरवावी लागते. हुकुमानें ती कोंबली तर पन्नास वर्षें घशांत अडकून राहते. मुंबईंत तसेंच झालें. आगगाडी स्टँडर्ड टाइमावर व महापालिकेचें घड्याळ मुंबई टाइमावर, अशी दुहेरी कारकीर्द चालली. सभेचें वा लग्नाचें निमंत्रण आलें तर वेळ कोणत्या टाइमाची हें पाहून निघावें लागे. एकोणचाळीस मिनिटें म्हणजे मुहूर्त टळावयास पुरेशीं. (उशिरां येणाऱ्या पाहुण्यांस एक सभ्य सबब कायमची हाताशीं होती, हा त्यांतला फायदा.) कलकत्त्यानें आपली वेळ १९४८ मध्यें सोडली. मुंबईच्या महापालिकेनें ती त्याहूनही पुढें, पन्नासच्या दशकांत सोडली.

आमचें शहर तेव्हां जन्मासही आलेलें नव्हतें. खाडीच्या ह्या तीरावर भातशेती, मिठागरें व कोळी-आगरी लोकांचीं गांवें होतीं. मुंबईच्या महापालिकेचा अंमल खाडीपलीकडेच संपे. येथील कोळ्यांचें घड्याळ भरतीओहोटीचें. तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल त्या वाजतां भरती; चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. हा ठोकताळा थोडासा ढोबळ आहे, पण एकोणचाळीस मिनिटांच्या त्या भांडणानें त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली व नवें शहर वसूं लागलें, तोंवर वाद मिटलेला होता. तरी सूर्याच्या हिशेबानें नवी मुंबई आजही स्टँडर्ड टाइमाच्या सुमारें अडतीस मिनिटें मागें आहे. घड्याळांत बारा वाजतात तेव्हां माध्यान्ह झालेला नसतोच. फेब्रुवारीच्या मध्यास तर सूर्य डोक्यावर यावयास बारा वाजून पन्नास मिनिटें उलटतात.

ह्या जुन्या घोटाळ्यांचा त्रास आजही एका ठिकाणीं होतो, तो म्हणजे जन्मपत्रिकेंत. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सबंध देशाचें घड्याळ आणखी एक तास पुढें केलें होतें. म्हणजे आपणही तीन वर्षें उन्हाळी टाइम पाळला आहे, आणि तोही बारमहा! त्या काळांत जन्मलेले आजोबा-आजी आज अनेक घरांत आहेत. त्यांच्या जुन्या वहींत "सकाळीं सात वाजतां" असें लिहिलेलें असेल तर ते सात युद्धकाळचे असूं शकतात. तसे असल्यास खरे स्टँडर्ड सहा, व मुंबईच्या सूर्याचे पांच वाजून एकवीस मिनिटें. लग्नराशि सुमारें दोन तासांनीं बदलते, तेव्हां एका तासाची चूक म्हणजे अर्धी रास. फलज्योतिषावर विश्वास ठेवावा कीं नाहीं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांस पत्रिका पाहावयाचीच आहे त्यांनीं ती निदान खऱ्या वेळेवरून पाहावी. ज्यांच्या घरीं अशा वह्या आहेत त्यांनीं वडील मंडळी बोलतीं-चालतीं आहेत तोंच ती वेळ कोणत्या घड्याळाची हें विचारून समासांत टिपून ठेवावें.

शेजाऱ्यांचे अनुभव थोडक्यांत सांगतों. श्रीलंकेनें १९९६ मध्यें विजेच्या टंचाईमुळें घड्याळ एक तास पुढें नेलें, त्याच वर्षीं अर्धा तास मागें घेतलें, व २००६ मध्यें तें पुन्हां आपल्या बरोबरीस आणलें. बांगलादेशानें २००९ मध्यें उन्हाळी टाइम सुरू केला आणि वर्षअखेरीस गुंडाळला. पाकिस्ताननें तो तीनदां केला व तीनदां सोडला. नेपाळ १९८६ पासून आपल्यापुढें बरोबर पंधरा मिनिटें आहे. तेवढ्यानें त्या देशाचें स्वातंत्र्य घड्याळांतही दिसतें, ह्याखेरीज दुसरा लाभ आम्हांस दिसत नाहीं.

आसामची गोष्ट मात्र निराळी. आपल्या देशाचीं पूर्व व पश्चिम टोकें एकोणतीस अंशांनीं दूर आहेत, म्हणजे सूर्याचा फरक जवळजवळ दोन तासांचा. द्वारकेस अंधार असतो तेव्हां अरुणाचलांत ऊन पडलेलें असतें, आणि तेथें हिवाळ्यांत कचेऱ्या सुटण्यापूर्वींच दिवे लावावे लागतात. चहाच्या मळ्यांनीं ह्यावर आपला तोडगा केव्हांच काढला: त्यांचा "बागान टाइम" स्टँडर्डच्या एक तास पुढें असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं २०१८ मध्यें ईशान्येस एक तास पुढची दुसरी वेळ द्यावी अशी सूचना केली. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेंतील विद्वानांचें म्हणणें असें कीं दोन वेळा नकोत, सगळ्या देशाचेंच घड्याळ अर्धा तास पुढें करावें. ही दुसरी सूचना आम्हां पश्चिमेकडील लोकांस जाचक होईल. जानेवारींत सूर्य घड्याळांत पावणेआठास उगवेल आणि सकाळच्या शाळेचीं मुलें काळोखांत बसची वाट पाहत उभीं राहतील. ईशान्येकडील बांधवांची अडचण खरी आहे, तीवर उपाय त्यांच्याच घड्याळांत व्हावा, किंवा घड्याळ तेंच ठेवून कचेऱ्यांच्या वेळा अलीकडे आणाव्या. केंद्र सरकारनें २०२५ च्या आरंभीं जो नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्याचा रोंख सर्व व्यवहारांत एकच स्टँडर्ड टाइम अनिवार्य करावा असा आहे. त्यावरून दुसऱ्या वेळेचा योग जवळ दिसत नाहीं.

आतां परदेशीं असलेल्या मुलांविषयीं. येथील दिनदर्शिका पाहून तेथें तिथि पाळणें ही चूक फार घरांत होते. तिथीचा आरंभ व शेवट साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणीं होतो. त्या क्षणीं कोणाच्या घड्याळांत किती वाजले असतील हें निराळें. समजा, पितृपक्षांतील एक तिथि आपल्याकडे सोमवारीं रात्रीं आठास लागली व मंगळवारीं रात्रीं आठास संपली. श्राद्धास अपराह्णव्यापिनी तिथि घ्यावयाची, म्हणून नेरुळचे थोरले बंधू मंगळवारीं श्राद्ध करतील. न्यूजर्सींत त्या वेळीं उन्हाळी टाइम चालू असतो, अंतर साडेनऊ तासांचें. तेथें ती तिथि सोमवारीं सकाळीं साडेदहास लागून मंगळवारीं सकाळीं साडेदहास संपली. धाकट्या बंधूंनीं सोमवारींच श्राद्ध केलें पाहिजे. थोरल्यांचा फोन आला म्हणून त्यांनींही मंगळवार धरला, तर दुपारीं पिंड ठेवावयाच्या वेळीं तिथि निघून गेलेली असेल. हिवाळ्यांतील कार्य असेल तर हेंच अंतर साडेदहा तासांचें धरावें. संकष्टीच्या चंद्रोदयास तर येथील पंचांगाचा कांहींच उपयोग नाहीं. तो त्या त्या गांवचाच काढावा लागतो.

जन्माची वेळ येथें कळवितांना तेथील मुलांनीं गांव, तारीख व तेथील घड्याळ ह्यांबरोबर उन्हाळी टाइम चालू होता कीं नाहीं हें अवश्य लिहावें. मार्चच्या त्या रविवारीं पहांटे दोनपासून तीनपर्यंतचा तास अमेरिकेंत नसतोच. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं एकपासून दोनपर्यंतचा तास दोनदां येतो. त्या रात्रीं जुळीं झालीं, तर मागाहून जन्मलेल्या बाळाची वेळ कागदावर आधींची लागूं शकते. अशा बाळाची पत्रिका मांडावयास बसलेल्या जोशीबुवांनीं गणितास हात घालण्यापूर्वीं इतकेंच विचारून घ्यावें, कीं दाखल्यावरील दीड वाजणें तें पहिलें कीं दुसरें.